हाताला येतं, पण सांगता येत नाही

पत्र:

सर, मी एका महापालिकेच्या अग्निशमन दलात १७ वर्षं आहे. फायरमन म्हणून लागलो, आता लीडिंग फायरमन आहे. पूर, कोसळलेल्या इमारती, केमिकलच्या आगी, विहिरीत पडलेली माणसं, सगळं केलंय. तीन महिन्यांपूर्वी साहेबांनी मला प्रशिक्षण विभागात आणलं. नव्या भरतीची ४० मुलंमुली माझ्याकडे आहेत. मी मनापासून सांगतो, करून दाखवतो. विचारलं की सगळे म्हणतात, ‘हो सर, समजलं.’ चाचणीला उभे केले की निम्म्यांना बोलाईनची गाठ बांधता येत नाही. मागच्या आठवड्यात एका मुलाने बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचा सिलिंडर आणि मास्क, घालायला चार मिनिटं लावली. मी सगळ्यांसमोर ओरडलो, ‘तोवर आत माणूस मेला असेल!’ त्याने मास्क ओढून काढला आणि तिथेच रडायला लागला. त्या रात्री मला झोप लागली नाही. साहेब म्हणाले, ‘तुला काम येतं, शिकवता येत नाही.’ ते खरंच असावं. मी परत स्टेशनला बदली मागू का? तिथे निदान आगीची वर्दी आली की काय करायचं ते मला कळतं.

एक लीडिंग फायरमन, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर:

बदलीचा अर्ज इतक्यात देऊ नका. निदान ही तुकडी बाहेर पडेपर्यंत तरी थांबा.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. वर्दी आली की काय करायचं ते तुम्हाला कळतं. अडचण नेमकी तिथेच आहे. घंटा झाली की पाय बुटांत जातात, हात हेल्मेटकडे जातो, गाडीतून उतरताना नजर वारा कुठून येतोय ते बघते. यातलं काहीच तुम्ही ठरवून करत नाही. १७ वर्षांत ते अंगात मुरलंय. अंगात मुरलेली गोष्ट तोंडाने सांगायला गेलं की निम्मी गळते, आणि गळाली हे सांगणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. साहेब म्हणाले त्यात तथ्य आहे, पण एक गोष्ट त्यांनी सोडली. पंपावर उभं करण्याआधी तुम्हाला पंप शिकवला होता. ४० मुलं हातात देण्याआधी शिकवायला कुणी शिकवलं? राज्याच्या प्रशिक्षण केंद्रातला फायरमनचा पाठ्यक्रम सहा महिन्यांचा असतो. फायरमन घडायला सहा महिने लागतात हे आपण मान्य करतो. त्याला घडवणारा माणूस मात्र बदलीच्या आदेशावरची शाई वाळेपर्यंत तयार व्हावा, अशी अपेक्षा धरतो. हे मला आयुष्यभर खटकत आलंय.

आज रात्री घरी एक करा. दोन-अडीच मीटर दोरी घ्या, घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या, स्वतःचे हात पाठीमागे बांधा आणि नुसतं बोलून त्या माणसाकडून बोलाईन बांधून घ्या. दोरीला हात लावायचा नाही, बोटाने खूण करायची नाही.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पुतणीला बसवलं होतं, नववीत होती. ‘छोटा फास कर,’ म्हणालो. केला. ‘आता टोक त्यातून खालून वर काढ, उभ्या दोरीच्या मागून फिरव आणि परत त्याच फासात घाल.’ तिने तसंच केलं, ओढलं, आणि दोरी सरळ होऊन हातात आली. तीन वेळा तेच झालं. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. चौथ्या वेळी मी तिच्या तोंडाकडे बघणं सोडून बोटांकडे बघितलं. फास करताना तिने मोकळं टोक उभ्या दोरीच्या खालून नेलं होतं. माझ्या हातात ते कायम वरून जातं. तेवढ्या एका फरकाने गाठ बसत नाही. ‘टोक वरून ने’ हे मी तोवर एकाही तुकडीला सांगितलं नव्हतं, कारण तसं काही सांगायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. किती मुलांना मी ‘लक्ष कुठंय तुझं’ म्हणून झापलं असेल, ते आठवून आजही जीव कासावीस होतो.

दुसरी गोष्ट त्याच संध्याकाळी समजली. ती समोर बसली होती, म्हणजे माझा उजवा हात तिच्या डाव्या बाजूला. समोर उभं राहून गाठ दाखवली की मुलांना ती आरशातल्यासारखी उलटी दिसते. जी चटपटीत असतात ती मनात उलटवून घेतात, आणि आपल्याला वाटतं तुकडीला कळलं. बाकीची गप्प बसतात. तेव्हापासून गाठ शिकवताना मी मुलांकडे पाठ करतो, दोरी खांद्याच्या उंचीला बाजूला धरतो आणि त्यांना मागून, खांद्यावरून बघू देतो. यासाठी गट आठाच्या वर नको. बाकीच्यांना तोवर होज, म्हणजे पाण्याचे पाइप, गुंडाळायला, शिडीच्या पायऱ्या तपासायला लावा. यार्डात न संपणारं काम नेहमीच असतं.

आता त्या मुलाकडे येतो.

तुमची झोप उडाली हे वाचून मला बरं वाटलं. ज्याची उडत नाही त्याच्या हातात मुलं देऊ नयेत. पण चार मिनिटं कशात गेली, हे तुम्ही पाहिलंत का? पत्रात ते नाही. घड्याळाकडे बघत उभं राहिलं की हात दिसत नाहीत. माझा अंदाज सांगतो, चुकला तर सोडून द्या. हार्नेस पाठीवर घ्यायला कुणाला चार मिनिटं लागत नाहीत. वेळ जातो मास्कला. हनुवटी आधी बसवायची, मग पट्टे खालून वर ओढायचे, दोन्ही बाजूंचे बरोबर. नवशिका एक बाजू आवळतो, मास्क तिरका होतो, हवा गळते, पुन्हा सगळं सैल करतो. त्यात दाढी वाढलेली असेल तर मास्क बसणारच नाही, कितीही ओढा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: बऱ्याच सेटमध्ये पहिला श्वास जोरात ओढावा लागतो, तेव्हा कुठे व्हॉल्व्ह उघडून हवा येते. तुम्ही तो श्वास नकळत ओढता. ज्याला हे सांगितलेलं नाही तो मास्क लावतो, हळूच श्वास घेतो, आणि काहीच येत नाही. तोंडावर रबर घट्ट, हवा नाही, आणि वरून प्रशिक्षक ओरडतोय की माणूस मेला. त्या क्षणी मास्क ओढून काढणारा मुलगा भित्रा नसतो. त्याच्या शरीराने बरोबर तेच केलं जे गुदमरणारं शरीर करतं.

म्हणून बीए शिकवताना घड्याळ पहिले चार दिवस पेटीत ठेवा. पहिल्या दिवशी फक्त मास्क, सावलीत, बसून. काढला, लावला, दहा वेळा. दुसऱ्या दिवशी सेट घालून गप्पा मारायला लावा, चालायला लावा. मग जिना. मग काच झाकून. मग धूर. वेग आपोआप येतो. मागे लागलं की भीती येते, आणि भीती एकदा मास्कला चिकटली की सुटायला महिने लागतात.

हवेचा हिशेबही फळ्यावर सांगून सोडू नका. ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की सुमारे १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरली तर ४५ मिनिटं, हे परीक्षेतलं उत्तर. प्रत्येकाला सेट घालून चार मजले चढवा, खांद्यावर होज देऊन. आधीचा आणि नंतरचा गेज त्याचा त्यालाच लिहू द्या, लागलेला वेळ लिहू द्या, आणि स्वतःचा आकडा काढू द्या. कुणाचा मिनिटाला ४५ लिटर येईल, कुणाचा ६०. मिनिटाला ६० लिटर ओढणाऱ्याचा सिलिंडर अर्ध्या तासात संपतो. हवा संपत आल्याची शिट्टी ५५ बारच्या आसपास वाजते, तेव्हा त्याच्याकडे ३३० लिटर उरलेली असतात, म्हणजे साडेपाच मिनिटं. मग विचारा: ‘चौथ्या मजल्यावरून उतरायला तुला आत्ता किती वेळ लागला?’ ज्या मुलाने स्वतःच्या वहीत हे दोन आकडे शेजारी लिहिलेत, त्याला ‘शिट्टी वाजायच्या आधी निघ’ असं पुन्हा सांगावं लागत नाही. तो वेळेत वळतो.

ओरडण्याबद्दल. यार्डात मोठा आवाज लागतो, पंप चालू असताना कुजबुजून भागत नाही. पण मोठा आवाज आणि अपमान या दोन वस्तू आहेत. मी माझा चढा आवाज एकाच शब्दासाठी राखून ठेवला होता: ‘थांबा.’ तो ऐकला की सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं, हे पहिल्याच दिवशी सांगायचो. दिवसभर ओरडणाऱ्या प्रशिक्षकाचं ‘थांबा’ कुणाला ऐकूच येत नाही, आणि शिडी घसरत असते तेव्हा ते ऐकू येणं फार गरजेचं असतं.

तुम्ही म्हणता, करून दाखवतो. किती वेळा, आणि कसं? एकदा, पूर्ण वेगाने, असं असेल तर मुलांना तुमचं कौशल्य दिसतं, कृती दिसत नाही. मी चार फेऱ्या करायचो. पहिली नेहमीच्या वेगाने, एक शब्द न बोलता, म्हणजे शेवटी काय दिसायला हवं ते कळावं. दुसरी सावकाश, प्रत्येक हालचाल बोलून, आणि का ते सांगून. तिसऱ्या फेरीत मुलांनी बोलायचं आणि मी फक्त त्यांनी सांगितलं तेवढंच करायचं. चुकीचं सांगितलं तर चुकीचंच करायचं. या फेरीला यार्डात हशा पिकतो, आणि शिकणं सगळ्यात जास्त इथेच होतं. चौथीत त्यांनी करायचं आणि करताना बोलायचं. ही माझी अक्कल नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या जहाजबांधणी कारखान्यांत घाईने हजारो नवे कामगार तयार करायचे होते, तेव्हा चार्ल्स अ‍ॅलन नावाच्या माणसाने कामगारांना शिकवण्याच्या चार पायऱ्या आखून दिल्या: आधी शिकणाऱ्याचं मन तयार करा, मग दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, मग तपासा. जगभरचे अग्निशमन प्रशिक्षक कमीअधिक फरकाने तेच वापरत आले. आपल्याकडे दुसऱ्या पायरीवरच गाडी थांबते.

आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न उद्यापासून बंद करा. गणवेशातल्या माणसाने विचारल्यावर त्याला ‘हो सर’ याखेरीज उत्तर नाही. त्याऐवजी विचारा, ‘पंपाची डिलिव्हरी उघडायच्या आधी ब्रांचवाल्याकडे, म्हणजे पुढे नोझल धरणाऱ्याकडे, का बघायचं?’ किंवा काहीच विचारू नका, होज हातात द्या आणि बघा.

मुलांच्या भाषेचंही जरा बघा. ड्रिलच्या आज्ञा, ब्रांच, कपलिंग, सक्शन हे शब्द तसेच राहू द्या, गाडीवर तेच चालतात. पण ‘नोझल रिअ‍ॅक्शन’ची व्याख्या इंग्रजीत घोकून घेण्यात काय हशील? ७ बारला २० मिलिमीटरच्या नोझलमधून निघणारं पाणी ब्रांचवाल्याला सुमारे ४५ किलोच्या जोराने मागे रेटतं. तिघांना ब्रांचवर उभं करा, दाब २ बारवर आणा, मग ४, मग ७. प्रत्येक टप्प्याला विचारा, पाय कुठे ठेवलास, वजन कुठे आहे. ‘पाणी मागे ढकलतं’ हे एकदा छातीला कळलं की व्याख्या तो स्वतः सांगेल, त्याच्या मराठीत.

तुमच्याजवळ १७ वर्षांचे प्रसंग आहेत, ही मोठी शिदोरी आहे, पण जपून सोडा. आपल्याला शौर्याची गोष्ट सांगायची हौस असते. मुलं डोळे विस्फारून ऐकतात, आणि तास संपला की त्यांच्याकडे तुमच्याबद्दल आदर वाढलेला असतो, बाकी काही नाही. गोष्ट निर्णयाच्या जागी थांबवायची. १४ एप्रिलचंच घ्या. दरवर्षी आपण मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांना मानवंदना देतो, २० तारखेपर्यंत सप्ताह पाळतो. नव्या मुलाला आकडा पाठ असतो. त्याला गोष्ट अशी सांगा: १९४४ साल, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटकं. दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसतो. बंब येतात, होज लागतात, पाणी मारलं जातं, जहाजाचे पत्रे तापत जातात. इथे थांबा. विचारा: ‘तू आत्ता पोचलास. कुणाकडे जाशील? पहिला प्रश्न काय विचारशील? माल काय आहे हे सांगणारा कागद कुणाकडे असतो? पाणी मारून तासभर झाला तरी आग हटत नाही, मग काय समजशील? तुझ्या माणसांना कधी मागे घेशील आणि ते कोण ठरवणार?’ अर्धा तास बोलू द्या, भांडू द्या. मग सांगा, चार वाजून सहा मिनिटांनी काय झालं ते. त्यानंतर मुलं स्मारकासमोर उभी राहतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यात फरक पडलेला असतो, मी पाहिलाय. आणि एमआयडीसीतल्या पहिल्याच वर्दीला ती गेटवरच्या माणसाला आधी विचारतात, आत काय साठवलंय.

आणखी एक विषय, आणि इथे मी तुमच्याकडून शब्द मागतो. प्रत्यक्ष आगीचा सराव घ्यायची पाळी येईल तेव्हा ‘खऱ्यासारखं वाटू दे’ या मोहात पडू नका. न्यूयॉर्क राज्यात लेअर्ड्सव्हिल इथे २५ सप्टेंबर २००१ रोजी एका रिकाम्या घरात सराव ठेवला होता. १९ वर्षांचा मुलगा, दलात येऊन काही आठवडे झालेले, अडकलेल्या माणसाचं सोंग घेऊन वरच्या मजल्यावर बसवला. खाली फोमची गादी असलेला सोफा पेटला, आग जिन्याने वर गेली, आणि तो मुलगा सरावातच जिवाला मुकला. सराव घेणाऱ्या अधिकाऱ्याला न्यायालयाने दोषी ठरवलं. अमेरिकेतलं एनएफपीए १४०३ हे मानक सरावाच्या आगीत जिवंत माणूस ‘बळी’ म्हणून ठेवायला मनाई करतं आणि पाच शिकाऊंमागे एक प्रशिक्षक मागतं. आपल्याकडे ४० मुलांमागे तुम्ही एकटे आहात. म्हणून आगीच्या सरावाला स्टेशनवरून माणसं मागा, लेखी मागा. मिळाली नाहीत तर सराव पुढे ढकला. बाहुली वापरा, जळायला लाकूड आणि गवत वापरा, फोम, टायर, पेट्रोल नको. दुसरी लाइन पाण्यासह तयार हवी. एक माणूस असा हवा ज्याचं काम फक्त बघणं आणि ‘थांबा’ म्हणणं हेच. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार पूर्ण पोशाखात कुणालाही धावडवू नका. सकाळी सहाला यार्ड उघडा.

साहेबांशीही बोला. तक्रार म्हणून नको. सांगा, ‘मला शिकवायचं शिकायचंय.’ नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात स्टेशन ऑफिसरच्या पाठ्यक्रमाचं नावच मुळी ‘स्टेशन ऑफिसर अँड इन्स्ट्रक्टर’ असं आहे. स्टेशन सांभाळणाऱ्याने शिकवायलाच हवं, हे त्या नावातच धरलेलं आहे. तुमच्या दलात तो पाठ्यक्रम करून आलेला एखादा अधिकारी असेलच. त्याला आठवड्यातून एक तास तुमच्या मागे उभं राहायला सांगा. तुमचं ज्ञान तपासायला नको, फक्त मोजायला: तासाभरात तुम्ही किती मिनिटं बोललात आणि मुलांच्या हातात साहित्य किती मिनिटं होतं. मी माझं मोजून घेतलं होतं. ६० पैकी ४४ मिनिटं मी बोलत होतो. पुढच्या महिन्यात ते वीसवर आणलं, आणि त्या तुकडीच्या चाचणीत फरक दिसला.

रोज रात्री एक पान लिहा. उद्याच्या तासाला मुलाच्या हाताला कोणती एकच गोष्ट यायला हवी, ती आली हे मला कशावरून दिसेल, आणि कुठे इजा होऊ शकते. तीन ओळी पुरतात. ‘शिडी शिकवणे’ असं लिहू नका. ‘शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या पाव अंतरावर ठेवणे आणि चढण्याआधी दुसऱ्याने पाय दाबून धरणे’ असं लिहा.

आता सोमवार. तुकडी फॉलइन झाली की सगळ्यांसमोर सांगा, ‘मागच्या आठवड्यात मी ओरडलो ते चुकलं. पहिला श्वास जोरात ओढायचा असतो, हे मी तुम्हाला सांगायलाच विसरलो होतो.’ तुमच्या सेटमध्ये तसं नसेल, तर जे सांगायचं राहून गेलं असेल ते सांगा. मान खाली जाईल असं वाटत असेल तर वाटू द्या. १७ वर्षं आगीत गेलेला माणूस चूक कबूल करतो हे बघितलेली मुलं पुढे गाडीवर ‘साहेब, माझी लाइन सुटली’ हे वेळेत सांगतात. जी सांगत नाहीत त्यांच्यापायी माणसं जातात.

मग तास संपल्यावर त्या मुलाला एकट्याला बोलवा. झाडाखाली बसा, दोन सेट घ्या, एक तुम्हाला. त्याच्यासमोर उभे राहू नका, शेजारी बसा, त्याच दिशेला तोंड करून. तुम्ही मास्क लावा, त्याला लावू द्या. पट्टे त्याचे त्याला ओढू द्या, तुमचे हात मांडीवर ठेवा. दोघं मिळून पहिला श्वास ओढा. आणि व्हॉल्व्ह उघडल्याचा तो फस्स आवाज त्याला आला की काहीही न बोलता दहा मिनिटं तसेच बसून राहा.